गुडघे दुखायलेत म्हणून चालणं सोडलंय? छातीभर पाण्यात चालून बघा

गुडघ्याच्या दुखण्यासाठी डॉक्टरकडं गेलं की आजकाल दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. एक म्हणजे "बसून राहू नका, व्यायाम करा", आणि दुसरी, "जमलं तर पाण्यात करा". घरी येईपर्यंत माणूस गोंधळलेला असतो. चाललं की दुखतंय म्हणून तर दवाखान्यात गेलो होतो, आणि पाण्यात म्हणजे कुठं, आपल्याला पोहता येत नाही, वय झालंय, त्यात आपल्या मराठवाड्यात कित्येक गावांत नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं तिथं हा पाण्यातला व्यायाम कुणी करायचा? मग ती चिठ्ठी फाईलमध्ये राहते, मेडिकलमधून दुखायची गोळी येते आणि दुखणं आहे तिथंच राहतं.

माझ्या मावशीचं वर्षभर असंच चाललं होतं. ती परभणीकडची, सगळं आयुष्य शेतात गेलेलं, आता लेकाकडं शहरात असते. तिच्यासाठी म्हणून मी हा विषय फिजिओथेरपीवाल्या ताईंना विचारून विचारून, वाचून समजून घेतला, आणि तेव्हापासून जो भेटेल त्याला सांगत असतो, कारण याचा फायदा होऊ शकेल अशी माणसं आपल्याकडं घरोघरी आहेत आणि त्यांना हे कुणी नीट उलगडून सांगितलेलंच नसतं.

गुडघ्यात नेमकं बिघडतं काय

दोन हाडं जिथं एकमेकांना भेटतात तिथं त्यांच्या टोकांवर एक गुळगुळीत, चिवट थर असतो, त्याला कूर्चा म्हणतात. या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यात जो थोडासा चिकट द्रव असतो त्याच्यातूनच तिला खाद्य मिळतं, आणि ते मिळतं हालचालीतून, म्हणजे पाय टेकला की कूर्चा दाबली जाते, उचलला की मोकळी होते, आणि या दाबण्या-सुटण्यात द्रव आत-बाहेर होत राहतो. एवढं लक्षात ठेवा, पुढं कामाला येतं.

वय, वजन, जुना मार, घराण्यातून आलेली ठेवण, आणि वर्षानुवर्षं सांध्यावर पडलेला ताण यामुळं ही कूर्चा पातळ होत जाते, हाडाच्या कडेला कंगोरे फुटतात, मधूनमधून सूज येते. हा झिजेचा संधिवात. एक्सरेत दोन हाडांमधली जागा कमी दिसते म्हणून डॉक्टर "गॅप कमी झालीय" म्हणतात आणि आपल्याकडं सगळे त्याला वाटी झिजली म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणं २०१९ मध्ये जगात जवळपास ५२ कोटी ८० लाख लोकांना हा त्रास होता, त्यातल्या ६० टक्के बायका होत्या, आणि सगळ्यात जास्त दुखणारा सांधा गुडघाच.

आपल्याकडच्या बायकांच्या गुडघ्यांनी काय काय सोसलेलं असतं ते बघा. उन्हाळभर पाण्याचे हंडे, पावसाळ्यात उकिडवं बसून खुरपणी, मग सोयाबीनची काढणी, दिवाळीच्या पुढंमागं कापूस वेचायचा, बीडकडच्या कुटुंबांना तर सहा-सहा महिने ऊसतोड. घरी आल्यावर परत चुलीपुढं, भांड्यांपुढं, धुण्यापुढं खालीच बसायचं. उकिडवं बसून आणि गुडघे टेकून रोज काम करणाऱ्यांत गुडघ्याची झीज जास्त दिसते हे अभ्यासांतून समोर आलेलं आहे. तरीही "वयाचं आहे, चालायचंच" म्हणून ते दुखणं घरातले सगळेच सोडून देतात आणि ते ऐकलं की मला फार वाईट वाटतं.

आता खरी अडचण पुढंच आहे. सपाट जमिनीवर साधं चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच-तीन पट भार येतो, जिना चढता-उतरता त्याहून जास्त. म्हणजे ७० किलोच्या बाईच्या गुडघ्यावर दर पावलाला दोनशे किलोच्या आसपास. हा धक्का झेलायचं काम बरंचसं मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूचं असतं. दुखतंय म्हणून माणूस बसतो, बसलं की हा स्नायू काही आठवड्यांतच बारीक व्हायला लागतो, मग धक्का सरळ सांध्यावर येतो, कूर्चेचं दाबणं-सुटणं थांबतं, वजन वाढतं, आणि परत उठलं की आधीपेक्षा जास्त दुखतं. दुखतंय म्हणून बसली आणि बसली म्हणून अजून दुखायलंय, असं हे सुरूच राहतं. यातून सुटायचं तर स्नायूला काम द्यायला पाहिजे पण सांध्यावर भार नको, आणि जमिनीवर या दोन्ही गोष्टी एकदम जमवणं ज्याचा गुडघा चांगलाच दुखतोय त्याला अवघड जातं.

पाण्यात उतरल्यावर काय बदलतं

विहिरीतून पोहरा ओढलेल्या माणसाला हे पटकन कळेल. भरलेला पोहरा पाण्यात बुडालेला आहे तोवर दोर हातात हलका असतो, आणि तोच पोहरा पाण्याच्या वर निघाला की एकदम ओढ बसते, दोन्ही हात लावावे लागतात. पोहरा तोच, आतलं पाणीही तेवढंच. बुडालेल्या वस्तूला पाणी खालून वर ढकलत असतं म्हणून हा फरक. शाळेत आर्किमिडीजच्या धड्यात हेच होतं. आपलं शरीर पाण्यात उतरलं की त्याचंही तेच होतं.

कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं तर पायांवर साधारण निम्मंच वजन येतं. छातीएवढ्या पाण्यात ते एक तृतीयांशाच्या आसपास उतरतं आणि मानेएवढ्या पाण्यात दहावा हिस्सा उरतो. म्हणजे तीच ७० किलोची बाई कमरेएवढ्या पाण्यात ३५ किलोची, छातीएवढ्या पाण्यात २२-२३ किलोची आणि मानेएवढ्यात ७ किलोची होते, निदान तिच्या गुडघ्यांपुरती तरी. म्हणून जिला घरातून गेटपर्यंत जाताना दोनदा थांबावं लागतं ती पाण्यात दहा मिनिटं न थांबता चालू शकते.

पण वजन कमी झालं म्हणजे व्यायाम कमी झाला असं नाही, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे जो लोकांना कुणी सांगत नाही. पाणी हवेच्या तुलनेत जवळपास आठशे पट दाट असतं. त्यातून पाय पुढं न्यायचा तर पाणी ढकलावं लागतं, मागं आणायचा तर परत ढकलावं लागतं. जमिनीवर पाय खाली यायला काही जोर लागत नाही, पाण्यात दोन्हीकडं लागतो, त्यामुळं मांडीचे पुढचे-मागचे दोन्ही स्नायू कामाला लागतात. आणि वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो. याचा अर्थ जोर किती लावायचा ते तुमच्या हातात आहे, दुखलं तर हळू करा, विरोध लगेच उतरतो, वजनाची प्लेट काढायला नको की मशीनचं बटण दाबायला नको. घरी बादलीत हात घालून बघा, हाताची कड पुढं करून फिरवला तर सहज जातो, तळवा पुढं करून ढकलला तर मनगटाला जाणवतं.

तिसरी गोष्ट पाण्याच्या दाबाची. एक मीटर खोलीवर पाण्याचा दाब बीपीच्या मशीनच्या भाषेत ७३-७४ इतका असतो, आणि जितकं खाली तितका जास्त, म्हणजे घोट्याशी सगळ्यात जास्त. पाय सुजत असतील तर हा दाब साचलेलं पाणी वर सरकवायला मदत करतो, म्हणून पुष्कळ जणांना बाहेर आल्यावर पाय हलके झाल्यासारखे वाटतात. शिवाय पाणी सगळीकडून धरून ठेवतं, तोल गेला तरी माणूस सावकाश कलतो, दाणकन पडत नाही. साठी-सत्तरीतल्या माणसाची पडायची भीती गेली की तो पाय मोकळा टाकायला लागतो, हे मी मावशीच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलंय.

"पण मला पोहता कुठं येतं?"

पोहायचंच नाहीये. तोंड पाण्यात घालायचं नाही, पाय तळाला टेकलेले, हाताला काठाचा बार धरलेला, पाणी बेंबी ते छातीच्या मध्ये. बस्स. उलट ज्यांना पोहता येतं त्यांना एक सांगायचंय, गुडघा दुखत असेल तर बेडकासारखे पाय मारून पोहण्याचा प्रकार सध्या टाळा, त्या लाथेत गुडघ्याच्या आतल्या बाजूवर पीळ पडतो.

पाण्यात नेमकं करायचं काय

मावशीला पहिल्या दिवशी ताईंनी फक्त चालायला लावलं. अंगात सलवार-कुर्ता, पायात रबरी तळव्याचे बूट, एक हात काठावर. सुरुवातीला ती पंज्यावर चालायची, पुढं वाकून, जसं ओढ्यातून जाताना माणूस जपून चालतो तसं, आणि ताई सारख्या सांगायच्या, "मावशी, आधी टाच टेकवा, मग पंजा, आणि बघायचं समोर, पायाकडं नाही." पाच-सात मिनिटांनी तिचा काठावरचा हात आपोआप सुटला, तिला कळलंही नाही. मग आडवं चालणं, खेकड्यासारखं, पाठ काठाला आणि तोंड मधल्या पाण्याकडं. मग उलटं चालणं, त्याला मात्र कुणीतरी मागं उभं पाहिजे.

हे अंगवळणी पडलं की बार धरून उभं राहायचं आणि एक-एक पाय सरळ पुढं, बाजूला, मागं न्यायचा, गुडघा न वाकवता. मग गुडघा वाकवून वर घ्यायचा, जागेवर चालल्यासारखं. मग टाचा उचलून पंज्यावर. मग बार दोन्ही हातांनी धरून खुर्चीत बसायला लागल्यासारखं थोडं खाली जायचं, दुखायच्या आधीच थांबायचं आणि वर यायचं. जिना चढायला जो स्नायू लागतो तो या शेवटच्या प्रकारानं तयार होतो, म्हणून तो सोडू नका. प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळा पुरे. खांदे दुखत असतील तर ते पाण्याखाली जातील इतकं वाकून हात पुढं-मागं न्यायचे.

पहिल्या आठवड्यात दहा-पंधरा मिनिटंच. पाण्यात असताना सगळं सोपं वाटतं त्यामुळं माणूस जास्त करून बसतो आणि संध्याकाळी अंग धरतं. नंतर वाढवत वाढवत अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून दोन-तीन वेळा. किती झालं की जास्त झालं याचा एक साधा नियम आहे, व्यायाम संपून दोन तास झाल्यावरही आधीपेक्षा जास्त दुखत असेल तर पुढच्या वेळी कमी करायचं. स्नायू थोडे ओढल्यासारखे होणं वेगळं, आणि सांध्यात टोचणं वेगळं. करता करता बोलता यायला पाहिजे, धाप लागून बोलणंच बंद पडलं तर हळू करा. आणि पाण्यातही घाम येतो, जाणवत नाही इतकंच, त्यामुळं आधी-नंतर पाणी प्या.

बाहेर पडताना जपा. पाऊण तास हलकं झालेलं शरीर पायरीवर आलं की एकदम जड वाटतं, गुडघे लटपटतात, चक्करही येऊ शकते. शेवटची दोन मिनिटं कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मग कठडा धरून वर या.

"पाण्यानं वात वाढतो की!"

हा आक्षेप प्रत्येक घरात येतो, आणि त्यात अनुभव आहे. थंड पाण्यात स्नायू आकसतात, सांधे आखडतात, दुखणं जास्त जाणवतं. म्हणूनच पाणी कोमट पाहिजे. सांधेदुखीसाठी साधारण २८ ते ३२ अंश सेल्सिअस पाणी चांगलं, आणि खास उपचारासाठी जे टँक असतात त्यात ३३ ते ३५ अंश ठेवतात. आपल्याकडचे बहुतेक स्विमिंग पूल उघड्यावरचे आणि पाणी गरम करायची सोय नसलेले. परभणीला थंडीत पारा एक आकडी होतो, तिथं डिसेंबरात सकाळी सहाच्या बॅचला सांधेदुखीच्या माणसानं जाऊच नये. पण तेच पाणी मार्चपासून जूनपर्यंत उन्हानं छान कोमट असतं, आणि थंडीतही दुपारच्या वेळी सकाळपेक्षा बरं असतं. भर उन्हाळ्यात दुपारचं ऊन डोक्यावर घेऊ नका, सकाळी नऊ-दहाच्या आत किंवा संध्याकाळी जा. उतरताना अंगावर शहारा आला आणि पाच मिनिटं चालूनही तो गेला नाही तर त्या दिवशी बाहेर या.

किनवट तालुक्यात उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत, तिथं लोक दुखण्यासाठी अंघोळीला जातात आणि बरं वाटलं म्हणून सांगतात. गरम पाण्यानं स्नायू सैल पडतात, त्यामुळं तेवढ्यापुरतं बरं वाटणं खरंच आहे. पण नुसतं बसून राहिल्यानं मांडीचा स्नायू मजबूत होत नाही, त्याला हलवायलाच लागतं.

खरंच फरक पडतो, की नुसतं मनाचं समाधान?

२०१६ मध्ये कॉक्रेन नावाच्या संशोधन-संस्थेच्या एका आढाव्यात, म्हणजे जिथं जगभरचे अभ्यास एकत्र तपासतात तिथं, गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी पाण्यातल्या व्यायामाचे १३ अभ्यास बघितले गेले, त्यात मिळून ११९० लोक होते, बहुतेक बायका, सरासरी वय ६८. व्यायाम सरासरी १२ आठवडे चालला. दुखणं थोडं कमी झालं, रोजची कामं थोडी सोपी झाली. "थोडं" म्हणजे दुखणं शून्य ते शंभर असं मोजलं तर साधारण पाच गुणांचा फरक. व्यायामामुळं कुणाला गंभीर इजा झाल्याची नोंद नव्हती. हा आकडा लहान आहे आणि तो लपवायचं काही कारण नाही. जो माणूस "पंधरा दिवसांत गुडघे ठणठणीत" असं सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका, मग तो पाण्याचा क्लास विकत असो की जडीबुटीची पावडर. कसल्या कसल्या पावडरींत न सांगता स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि दुखायच्या गोळ्या रोज वर्षानुवर्षं घेतल्या तर जठराला आणि किडनीला त्रास होतो. त्यापुढं हा छोटा पण नुकसान न करणारा फायदा मला फार मोलाचा वाटतो.

गॅप भरून येते का? नाही. झिजलेली कूर्चा पाण्यानं परत उगवत नाही. फायदा स्नायूंचा होतो, तोल सुधारतो, ज्याला जमिनीवर काहीच करता येत नव्हतं त्याला काहीतरी करता येतं, आणि ते करता करता काही महिन्यांनी जमिनीवरही चालता यायला लागतं. त्याच्या जोडीला थोडं वजन उतरलं तर दर किलोमागं प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो असं मोजलेलं आहे. पाच किलो उतरले तर पावलागणिक वीस किलो.

एक गोष्ट मात्र पाण्यात होत नाही. हाडं मजबूत राहायला त्यांच्यावर भार पडावा लागतो, आणि पाण्यात तोच कमी झालेला असतो. म्हणून ज्यांची हाडं ठिसूळ झालीत त्यांनी पाण्यासोबत जमिनीवरचाही थोडा व्यायाम डॉक्टरांना विचारून करायलाच हवा.

"इथं प्यायला पाणी नाही आणि तुम्ही..."

हे कुणी म्हणालं तर मला राग येत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते आपण कुणीच विसरलेलो नाही. पण पुलातलं पाणी रोज बदलत नाहीत, तेच गाळून, क्लोरीन टाकून महिनोन्‌महिने वापरतात. २५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटरच्या आसपास खोल अशा पुलात तीन लाख लिटर पाणी एकदाच भरतात, आणि कडक उन्हात रोज एक सेंटिमीटर उडालं असं धरलं तर दिवसाला अडीच हजार लिटरची भर लागते. ते पाणी शे-दोनशे लोक वापरतात. ज्या वर्षी गावाला टँकर चालू असेल त्या वर्षी पूल बंद ठेवणंच बरोबर, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या दिवसांत खुर्चीत बसून एक-एक पाय सरळ करून दहा मोजेपर्यंत धरायचा, असे पंधरा-वीस वेळा, आणि स्थिर सायकल असेल तर ती हलक्या जोरानं चालवायची. पूल नसला म्हणून स्नायूला सुट्टी देऊ नका.

आता कळकळीनं एक सांगतो. हे वाचून कुणीही शेततळ्यात उतरू नका. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, कडेला तिरका उतार असतो, त्याच्यावर शेवाळ धरतं, आणि एकदा पाय घसरला की चांगल्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. दरवर्षी आपल्या जिल्ह्यांतून अशा बातम्या येतात, पुष्कळदा लहान लेकरांच्या. विहीर नको, कॅनॉल नको, धरणाचं पाणी नको, आणि गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत, पर्वाची डुबकी वेगळी पण तिथं व्यायाम नको, कारण तळ कुठं खोल होतो ते दिसत नाही. पाणी उभं राहिलेलं, तळ दिसणारा, खोली लिहिलेली, आणि जीवरक्षक हजर, हे चारही असल्याशिवाय उतरायचं नाही. नगरपालिका-महापालिकेचे पूल, जिल्हा क्रीडा संकुलं, काही मोठ्या शाळा-कॉलेजं आणि हॉटेलं इथं चौकशी करा.

कुणी आधी डॉक्टरला विचारायचं, कुणी उतरायचंच नाही

गुडघा लाल, गरम, एकाएकी खूप सुजलेला असेल, ताप असेल, तर हा व्यायामाचा विषयच नाही, त्याच दिवशी दवाखाना. उघडी जखम, जुलाब, कातडीचा संसर्ग असेल तर बरं होईपर्यंत पाणी बंद. हृदय कमजोर असलेल्यांनी विशेष जपायचं, कारण पाण्याच्या दाबानं पायातलं रक्त छातीकडं सरकतं आणि हृदयाला एकदम जास्त काम पडतं. बीपी आवाक्यात नसेल, फीट येत असतील तरी आधी विचारा. शुगरवाल्यांनी रिकाम्या पोटी जाऊ नये, आणि पायाला मुंग्या-बधिरपणा असेल तर पाण्यातले बूट घातल्याशिवाय पाय टाकू नये, भेगाळलेल्या टाचेला लागलेलं त्यांना कळत नाही. घरी आल्यावर तळवे बघायचे.

सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटं तासभर आखडलेली राहत असतील तर तो बहुतेक आमवात असतो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटलेली असते. त्याला औषध वेळेवर सुरू होणं फार गरजेचं, पाण्यातला व्यायाम त्याच्या जोडीला चालतो, त्याच्या ऐवजी नाही. चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने सांधे दुखणाऱ्यांनाही कोमट पाण्यातल्या हलक्या हालचालींनी आराम वाटू शकतो, पण ताप पूर्ण गेल्यावर आणि डॉक्टरांशी बोलून.

वाटी बदलायचं ठरलंय त्यांनी ऑपरेशनच्या आधी स्नायू तयार केला तर नंतर उठणं सोपं जातं. ऑपरेशननंतर मात्र टाके पूर्ण भरून सर्जननं हो म्हटल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका, आत संसर्ग गेला तर निस्तरणं फार कठीण.

बायकांची अडचण

शेवटी सगळं इथं येऊन अडतं. ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे त्या साठीतल्या बायका, आणि पुलावर सकाळी शिट्ट्या मारत उड्या टाकणारी पोरं. नऊवारी-सहावारी घालून पाण्यात उतरू नये, ओला घोळ पायात येतो, पण कॉस्च्युमचीही काही जरूर नाही. फार घट्ट न बसणारी, सुती नसलेली लेगिंग आणि कोपरापर्यंत बाह्यांचा लांब टॉप चालतो, बहुतेक ठिकाणी नायलॉनचं कापड असलं की आत सोडतात. ओढणी बाहेर ठेवायची. केसांना टोपी.

मावशीला पाणी कधीच अवघड गेलं नाही, अवघड गेली ती शिडी. पुलाला सरळ उभी स्टीलची शिडी असते, तिच्या पायऱ्या अरुंद आणि गोल, आणि दुखऱ्या गुडघ्यानं तिच्यावरून वर यायचं म्हणजे पाऊण तासाचा सगळा आराम तिथंच जातो. ज्या पुलाला उथळ बाजूनं रुंद पायऱ्या आणि दोन्हीकडं कठडा आहे असा पूल शोधा, थोडा लांब पडला तरी चालेल. नसेल तर मागून घ्या. कॉलनीतल्या, भजनी मंडळातल्या, बचत गटातल्या गुडघेदुखीच्या आठ-दहा जणी मिळून व्यवस्थापकाकडं लेखी अर्ज द्या, बायकांसाठी वेगळी बॅच, बाई जीवरक्षक, उथळ बाजूला लावता येईल अशी कठड्याची पायरी, आणि पहिले काही दिवस एखादी फिजिओथेरपिस्ट. भर उन्हाळा सोडून बाकीच्या दिवसांत वेळ सकाळी दहा ते अकराची मागा, पोरं शाळेत गेलेली असतात, पूल रिकामा पडलेला असतो आणि पाण्याला ऊन लागायला लागलेलं असतं. एकटीनं विचारलं तर "बघू" म्हणतात, दहा सह्या आणि महिन्याची फी सोबत नेली तर बॅचचा विचार करावाच लागतो.